तोंडाला सात टाके पडले आणि तो कोचसमोर अडून बसला, म्हणून आज गोलकीपरच्या चेहऱ्यावर मास्क दिसतो

तारीख १ नोव्हेंबर १९५९. ठिकाण न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बर्फावरच्या हॉकीची, म्हणजे आइस हॉकीची मॅच सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झाली होती. न्यूयॉर्क रेंजर्सच्या अँडी बाथगेटने जवळून फटका मारला आणि तो थेट समोरच्या गोलकीपरच्या तोंडावर बसला. नाकपुडीपासून ओठापर्यंत चेहरा फाटला. पांढऱ्या बर्फावर रक्ताचा सडा पडला.

त्या काळी नॅशनल हॉकी लीगमधला संघ दौऱ्यावर जाताना एकच गोलकीपर सोबत न्यायचा. बदली माणूस नाही, त्यामुळे मॅच थांबली. गोलकीपरला आत नेलं, डॉक्टरांनी सात टाके घातले. टाके घालून झाल्यावर हा गडी कोचला म्हणाला, की मास्क घालू देणार असाल तर खेळतो, नाहीतर आज मी परत बर्फावर उतरत नाही.

कोचला मास्क अजिबात मान्य नव्हता. पण त्या मैदानावर राखीव म्हणून बसवलेला एखादा हौशी गोलकीपर उभा करायचा, एवढाच दुसरा मार्ग त्याच्याकडे होता. नाइलाजाने त्याने होकार दिला. थोड्या वेळाने गोलकीपर बाहेर आला, तेव्हा प्रेक्षकांना त्याचा चेहरा दिसलाच नाही. दिसला तो फायबरग्लासचा एक सपाट, फिकट रंगाचा मुखवटा, डोळ्यांना दोन भोकं आणि तोंडाला एक. बघायला भुतासारखा.

या गोलकीपरचं नाव जाक प्लांत.

आता तुम्ही म्हणाल, वाशिममध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, इथे बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर. आपल्याला आइस हॉकीच्या गोलकीपरचं काय?

तर एक करा. कारंज्याहून मंगरूळपीरला जाताना किंवा वाशिमहून रिसोडला जाताना समोरून येणाऱ्या दुचाक्या बघा. काहींचं हेल्मेट आरशाला लटकलेलं असतं, काहींचं कोपरात अडकवलेलं, काहींनी डोक्यावर घातलेलं असतं पण पट्टा मोकळाच. विचारलं तर उत्तर ठरलेलं. नीट दिसत नाही, गरम होतं, आणि एवढं काय घाबरायचं. १९५९ साली प्लांतला जे ऐकवलं जात होतं, त्यात गरम होण्याचा मुद्दा सोडला तर बाकी सगळं हेच होतं. म्हणून हा माणूस आपल्यालाही माहीत असायला हवा.

आधी हे समजून घ्या, की तोंडावर काय येऊन आदळत होतं

आइस हॉकीत चेंडू नसतो. कडक रबराची एक चकती असते, तिला पक म्हणतात. ती साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड असते. वजन १५६ ते १७० ग्रॅम. बर्फावर उसळी मारू नये म्हणून मॅचआधी ती गोठवून ठेवतात.

आता गंमत बघा. क्रिकेटच्या सीझन बॉलचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम. आपल्या मैदानी हॉकीच्या चेंडूचं वजनही तेवढंच. म्हणजे पक किती जोरात लागत असेल याचा अंदाज यायला कॅनडाला जायची गरज नाही. सीझन बॉल ज्याच्या नडगीवर एकदा बसलाय, त्याला सांगायला नको. फरक एवढाच, की पक अनेकदा दोन-तीन मीटरवरून सुटतो, मध्ये खेळाडूंची गर्दी असते आणि तो कुणाच्या तरी काठीला लागून अचानक दिशा बदलतो. वेगाचं म्हणाल तर २०१२ मध्ये झ्देनो चारा या खेळाडूचा फटका ताशी १७५ किलोमीटरने मोजला गेला.

आणि एवढं सगळं होत असताना लीगचे गोलकीपर उघड्या चेहऱ्याने उभे राहायचे. पायाला जाड पॅड, हाताला ग्लोव्ह, छातीला संरक्षण. चेहऱ्याला काही नाही. टाके पडणं हा कामाचाच भाग समजला जायचा.

बटाट्याच्या पोत्यांचे पॅड

प्लांतचा जन्म १७ जानेवारी १९२९ चा, कॅनडाच्या फ्रेंच भाषिक क्युबेक प्रांतातल्या एका शेतावर. ११ भावंडांमधला तो सगळ्यात मोठा. पुढे कुटुंब शाविनिगन या कारखान्यांच्या गावात राहायला गेलं आणि वडील तिथल्या कारखान्यात कामाला लागले. घरात पैसा बेताचाच होता.

थोरला असल्यामुळे आईला हातभार लावायची जबाबदारी त्याच्यावर आली. त्यातूनच तो स्वयंपाक शिकला आणि विणकामही शिकला. भावंडांसाठी तो लोकरीच्या कानटोप्या विणायचा. ही सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. मोठा खेळाडू झाल्यावरही तो आतले बनियन आणि टोप्या स्वतःच विणून वापरायचा. संघातल्या धिप्पाड गड्यांमध्ये लोकर आणि सुया घेऊन बसायला त्याला कधी लाज वाटली नाही.

त्याला लहानपणापासून दमा होता. स्केट्स घालून जोरात पळालं की धाप लागायची. मग पोरांच्या खेळात जी जागा पळू न शकणाऱ्याला मिळते तीच त्याला मिळाली. गोलकीपर. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याला बॅटिंग येत नाही त्याला आपण यष्टीमागे उभं करतो, तसंच हे.

पॅड विकत घ्यायची ऐपत नव्हती. वडिलांनी बटाट्याची पोती घेतली, ती ठासून भरली, आतून लाकडाच्या पट्ट्या लावल्या आणि पोराच्या पायांना बांधली. प्लांतचं पहिलं किट ते. दुकानातलं नव्हतं, पण त्याच्या पायांच्या मापाचं होतं. गोलकीपरची वस्तू त्याच्या अंगाला बसली पाहिजे, मग ती कशाचीही असो, हा धडा त्याला बहुधा तिथेच मिळाला.

शाळेच्या संघात तो शिरला तो अगदी योगायोगाने. सरावाच्या वेळी तिथल्या गोलकीपरचं कोचशी वाजलं आणि तो तडक निघून गेला. बघत उभ्या असलेल्या प्लांतने मी उभा राहू का म्हणून विचारलं. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कोचने हो म्हटलं. पुढे कारखान्याच्या संघाकडून खेळायला लागला, तेव्हा त्याला एका मॅचचे ५० सेंट मिळायचे.

चांगला होता, पण सांगितलं तसं वागणारा नव्हता

१९५२-५३ च्या हंगामात मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याला बोलावलं. कॅनडातला हा सगळ्यात मानाचा संघ. आल्या आल्या पहिला वाद झाला तो टोपीवरून. प्लांत स्वतः विणलेली कानटोपी घालून खेळायचा. तेव्हाचा कोच डिक आयर्विन याने ती बंद करायला लावली. डोक्यावर काय घालायचं हे ठरवण्यावरून त्याचा कोचशी झालेला हा पहिला वाद, शेवटचा नव्हे.

खेळायची त्याची पद्धतही वेगळी होती. त्या काळी गोलकीपरने गोलच्या चौकटीत उभं राहायचं आणि आलेला पक अडवायचा, एवढीच अपेक्षा असायची. प्लांत चौकट सोडून बाहेर यायचा. गोलच्या मागे जाऊन पक थांबवायचा, आपल्या खेळाडूंना काढून द्यायचा, ओरडून सूचना करायचा. समोरच्या संघातला कोण कुठून मारतो याच्या नोंदी ठेवायचा. सुरुवातीला लोकांना हा आगाऊपणा वाटला. आज जगातले बहुतेक आइस हॉकी गोलकीपर असंच खेळतात.

१९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षं कॅनेडियन्सने स्टॅनले कप जिंकला. हा विक्रम आजही मोडलेला नाही. पाचही वर्षी गोलमध्ये प्लांत होता. सगळ्यात कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलकीपरला तेव्हा वेझिना ट्रॉफी मिळायची. तीही या पाचही वर्षी त्यालाच मिळाली.

म्हणजे मास्कसाठी अडून बसला तो कुणी नवखा किंवा घाबरट खेळाडू नव्हता. त्या वेळी जगात जो सगळ्यात भारी होता, तो अडून बसला होता.

मास्क आला कुठून?

एक गैरसमज आधी दूर करू. मास्क घालणारा प्लांत हा पहिला गोलकीपर, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. १९२७ मध्ये कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या संघातली एलिझाबेथ ग्रॅहम तलवारबाजीचा जाळीदार मास्क घालून गोलमध्ये उभी राहिली होती. १९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्टने नाक मोडल्यावर चामड्याचा मास्क लावून लीगच्या काही मॅच खेळल्या. पण त्याला त्यातून नीट दिसेना, म्हणून त्याने तो सोडून दिला. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये जपानचा तेइजी होन्माही मास्क घालून खेळला होता.

म्हणजे कल्पना जुनीच होती. अडलं होतं ते मापावर. घातल्यावर दिसलं पाहिजे, श्वास घेता आला पाहिजे आणि मान फिरवली की मास्क जागेवर राहिला पाहिजे. हे तिन्ही एकत्र जमवणारा मास्क कुणाकडे नव्हता.

प्लांतला त्याची गरज सगळ्यात जास्त होती. १९५४ मध्ये सराव करताना त्याच्याच संघातल्या बर्ट ओल्मस्टेडच्या फटक्याने त्याच्या गालाचं हाड मोडलं. पुढच्या वर्षी डॉन मार्शलच्या फटक्याने दुसऱ्या गालाचं हाड आणि नाक मोडलं. दोन्ही वेळा सरावात, दोन्ही वेळा आपल्याच माणसाकडून. त्यानंतर सरावात तरी तो काहीतरी तोंडावर लावायला लागला. पण मॅचमध्ये परवानगी नव्हती.

१९५८ मध्ये एका मॅचमध्ये पक त्याच्या कपाळावर बसला. प्रेक्षकांत बिल बर्चमोर नावाचा माणूस होता. फायबरग्लास बनवणाऱ्या कंपनीत तो विक्रीचं काम बघायचा. बोटी आणि इतर वस्तूंसाठी वापरलं जाणारं हे हलकं, चिवट मटेरियल माणसाच्या चेहऱ्यावर का बसवू नये, असं त्याच्या मनात आलं. त्याने प्लांतला पत्र लिहिलं. तुमच्या चेहऱ्याच्या आकाराचाच मास्क करून देतो, असं त्याचं म्हणणं होतं.

माप घ्यायची पद्धत ऐकण्यासारखी आहे. मॉन्ट्रियलच्या एका हॉस्पिटलमध्ये प्लांतला झोपवलं. डोक्यावरून बायकांचा नायलॉनचा पायमोजा ओढला, चेहऱ्याला व्हॅसलीन फासलं, श्वास घेण्यासाठी नळ्या लावल्या आणि वरून प्लास्टर थापलं. ते वाळल्यावर निघालेल्या साच्यातून चेहऱ्याचा हुबेहूब पुतळा तयार झाला. त्या पुतळ्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरग्लासचे थर चढवले. तयार झालेला मास्क तीन-चार मिलिमीटर जाड आणि सुमारे ४०० ग्रॅम वजनाचा होता.

याआधीचे मास्क म्हणजे दुसऱ्या खेळातून उचललेली किंवा घाईत जुळवलेली वस्तू. हा मास्क एका माणसाच्या चेहऱ्यावरून तयार झाला होता. दुसऱ्या कुणाला तो बसलाच नसता, आणि प्लांतला तो चपखल बसला.

कोचचं म्हणणं काय होतं?

तोवर कोच बदलला होता. टो ब्लेक हा नवा कोच काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या शंका तेव्हाच्या बहुतेक जाणकारांच्याच होत्या. मास्कमुळे पायाजवळचा पक दिसणार नाही. चेहरा सुरक्षित झाला की गोलकीपर ढिला पडेल. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, समोरच्या संघाला वाटेल की हा घाबरला.

पहिली शंका खोटी नव्हती. डोळ्यांची भोकं लहान असली की खालचं कमी दिसतं. पण त्यावर उपाय म्हणजे भोकाचा आकार सुधारणं, मास्क काढून ठेवणं नाही. दुसऱ्या शंकेचं उत्तर मैदानावरच मिळणार होतं. तिसरीला मात्र काही उत्तर नव्हतं. ती शंका मास्कबद्दल नव्हतीच, ती लोक काय म्हणतील याबद्दल होती.

१ नोव्हेंबरच्या त्या रात्री प्लांत मास्क घालून उतरला आणि कॅनेडियन्सने मॅच ३-१ ने जिंकली. ब्लेकने जखम भरेपर्यंत मास्क चालेल अशी मुभा दिली. पण संघ काही केल्या हरेना. हरल्याशिवाय तक्रार करायला कोचला तोंड नव्हतं. जखम भरली, टाके निघाले, तरी मास्क राहिला.

मार्च १९६० मध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर प्लांत एक मॅच मास्कशिवाय खेळला. समोर डेट्रॉइट. कॅनेडियन्स ०-३ ने हरले. पुढच्या मॅचला मास्क परत आला तो कायमचा. त्याच वर्षी त्यांनी बाद फेरीतल्या आठच्या आठ मॅच जिंकून सलग पाचवा स्टॅनले कप उचलला. मास्क घातला की गोलकीपर ढिला पडतो, या म्हणण्यातली हवा तिथेच गेली.

तरी सगळे एका दिवसात बदलले नाहीत. काही गोलकीपरांनी लगेच मास्क घेतला, काही वर्षानुवर्षं उघड्या चेहऱ्यानेच उभे राहिले. लीगमध्ये मास्कशिवाय खेळणारा शेवटचा गोलकीपर अँडी ब्राउन. साल १९७४. म्हणजे डोळ्यांसमोर उदाहरण असूनही सगळ्यांच्या गळी उतरायला १५ वर्षं लागली.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं?

भारताची हॉकी मैदानी, पण गोलकीपरचं दुखणं तेच. आपल्या विदर्भातच, नागपूरमध्ये जन्मलेल्या रिचर्ड ॲलनने १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये भारतासाठी सुवर्णपदक जिंकलं. १९२८ मध्ये तर भारताने स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. प्लांत मास्कसाठी भांडत होता, त्याच काळात मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान शंकर लक्ष्मण भारताच्या गोलमध्ये उभा राहायचा. १९५६ आणि १९६४ ला सुवर्ण, १९६० ला रौप्य, आणि १९६६ च्या एशियन गेम्समध्ये कॅप्टन म्हणून सुवर्ण. ही मंडळी पायाला पॅड बांधून, चेहरा उघडा ठेवून खेळली.

क्रिकेटचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली, जीव कसाबसा वाचला, पण तो पुन्हा कसोटी खेळू शकला नाही. एवढं होऊनही हेल्मेट यायला १९७० चं दशक संपत आलं. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यालोप कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट घालून उतरला, तोही बार्बाडोसलाच. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

म्हणजे खेळ कुठलाही असो, देश कुठलाही असो. डोकं फुटलेलं लोकांना चालतं, झाकलेलं खुपतं. पहिल्या माणसाला हसून घ्यावंच लागतं.

मास्कने जीव वाचवला तो दिवस

१९६२ मध्ये प्लांतला लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळाली. गोलकीपरला ती क्वचित मिळते. पण ब्लेकशी त्याचं फारसं जमत नव्हतं. १९६३ मध्ये कॅनेडियन्सने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. कुठल्या? न्यूयॉर्क रेंजर्सला. ज्या बाथगेटच्या फटक्याने त्याचा चेहरा फाटला, त्याच्याच संघात तो आता खेळत होता. तिथे मन रमलं नाही आणि १९६५ मध्ये त्याने निवृत्ती घेतली.

गोष्ट इथे संपली असती. पण १९६८ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, सेंट लुईसच्या नव्या संघाने त्याला परत बोलावलं. जोडीला ग्लेन हॉल. हा हॉल म्हणजे सलग ५०२ मॅच मास्कशिवाय खेळलेला माणूस. या दोघा म्हाताऱ्यांनी मिळून १९६९ ची वेझिना ट्रॉफी जिंकली. प्लांतची ही सातवी.

मग आला मे १९७०. स्टॅनले कपच्या फायनलची पहिली मॅच, समोर बॉस्टन. एक फटका वाटेत काठीला लागून वळला आणि प्लांतच्या कपाळावर आदळला. मास्क फुटला. प्लांत बेशुद्ध पडला, त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितलं, की मास्क नसता तर मी आज नसतो. त्यानंतर तो टोरोंटोकडून खेळला आणि ४२ व्या वर्षी मॅचमागे सरासरी सगळ्यात कमी गोल खाणारा गोलकीपर ठरला.

आता कामाचं: मास्क निवडायचा कसा, बसवायचा कसा?

पहिल्या मास्कवर प्लांत कधीच थांबला नाही. चेहऱ्याला पूर्ण चिकटलेल्या फायबरग्लासमध्ये एक दोष होता. कातडी फाटायची नाही, पण धक्का थेट हाडापर्यंत पोचायचा. शिवाय आत घाम साचायचा. १९६० मध्येच त्याने विणलेल्या पट्ट्यांसारखा दिसणारा दुसरा, हलका आणि हवा खेळणारा मास्क आणला. पुढे स्वतःची मास्क बनवणारी फायब्रोस्पोर्ट नावाची कंपनी काढली. तिथले मास्क बाहेरच्या बाजूला कडा आणि उतार असलेले होते, म्हणजे पक सरळ आदळून थांबायच्या ऐवजी घसरून बाजूला जाईल. १९७२ मध्ये त्याने गोलकीपिंगवर पुस्तकही लिहिलं.

आजचा मास्क म्हणजे पुढे लोखंडी जाळी, बाहेर कडक कवच आणि आत फोम. फोममुळे धक्का पसरतो आणि चेहरा कवचापासून दूर राहतो. तो निवडताना बघायच्या गोष्टी साध्याच आहेत.

डोक्याचा घेर भुवयांच्या थोडं वर टेपने मोजायचा आणि त्यावरून साइज घ्यायची. पुढे वाढेल म्हणून पोराला मोठा मास्क घेणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. हनुवटी आतल्या वाटीत नीट टेकली पाहिजे. डोळे जाळीच्या मोकळ्या जागेच्या मधोमध आले पाहिजेत. मागचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढायचे, एकच बाजू आवळली की मास्क तिरका बसतो आणि एका डोळ्याला कमी दिसतं. मग मान जोरात डावी-उजवी, वर-खाली हलवायची. मास्क डोक्याबरोबर फिरला तर बरोबर, मागे राहिला तर सैल. दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं तर घट्ट. आणि जोराचा फटका बसून कवचाला तडा गेला, की तो मास्क निवृत्त. रंग देऊन पुन्हा वापरायचा नाही.

पायाच्या पॅडचं तत्त्वही तेच. पूर्वीचे पॅड चामड्याचे आणि आत केस भरलेले असायचे. बर्फाचं पाणी पिऊन ते मॅच संपेपर्यंत जड व्हायचे. आता फोमचे येतात. पॅडची साइज माणसाच्या एकूण उंचीवरून ठरत नाही. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत किती आणि गुडघ्याच्या वर किती, यावरून ठरते. गुडघा टेकवला की तो पॅडच्या आतल्या गादीवरच पडला पाहिजे. पट्टे मात्र क्रिकेटसारखे करकचून बांधायचे नाहीत. गुडघ्यावर बसताना पॅड पायाभोवती थोडा फिरून पुढे तोंड करतो, तेवढी ढील हवी. छातीचं संरक्षण खाली बसल्यावर गळ्यात घुसत असेल, तर ते मोठं आहे किंवा त्याचे खांदे नीट बांधलेले नाहीत.

म्हणून दुकानात किट घालून नुसतं आरशासमोर उभं राहून उपयोग नाही. खाली बसून, वाकून, मान फिरवून बघायचं. खेळताना जे करतो तेच.

आता हेच दुचाकीच्या हेल्मेटला लावा. डोक्याचा घेर मोजून साइज. पट्टा लावून मान हलवली तर हेल्मेट हलायला नको. पट्टा आणि हनुवटीत एखाद-दोन बोटांपुरतीच जागा. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय मार्क असलेलंच हेल्मेट विकता येतं, तेव्हा रस्त्याकडेला मिळणारी नुसती प्लॅस्टिकची टोपी घेऊ नका. अपघातात जोराचा मार बसलेलं हेल्मेट, वरून कितीही चांगलं दिसलं तरी, बदलायचं.

शेवटची वर्षं

१९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत रशियाची गाजलेली मालिका झाली. पहिल्या मॅचआधी प्लांत दुभाष्याला घेऊन थेट रशियन खोलीत गेला आणि त्यांचा २० वर्षांचा गोलकीपर व्लादिस्लाव त्रेत्याक याला कॅनडाचे खेळाडू कुठून कसे मारतात हे समजावून सांगितलं. पोराचे हाल होऊ नयेत एवढंच त्याला वाटत होतं. त्या मॅचमध्ये कॅनडाच ३-७ ने हरला. प्लांतला देशापेक्षा गोलकीपरची जात जवळची होती, असं म्हणायला हरकत नाही.

१९७५ मध्ये तो खेळातून कायमचा बाहेर पडला आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाला. तिथून येऊन-जाऊन तो वेगवेगळ्या संघांच्या गोलकीपरांना शिकवायचा. १९७८ मध्ये त्याला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. २७ फेब्रुवारी १९८६ ला पोटाच्या कॅन्सरने जिनिव्हात त्याचं निधन झालं. वय ५७. १९९५ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याचा १ नंबर निवृत्त केला. ज्या संघात कानटोपीवरून आणि मास्कवरून त्याने वाद घातले, त्याच संघात तो नंबर आता कुणालाच मिळत नाही.

आज जगात कुठेही आइस हॉकी बघा, मास्क नसलेला गोलकीपर सापडणार नाही. उलट प्रत्येकजण आपल्या मास्कवर हौसेने चित्रं रंगवून घेतो. एके काळी घाबरटपणाची खूण समजली जाणारी वस्तू आज मिरवायची झाली.

तेव्हा उद्या गाडी काढताना आरशाला लटकवलेलं हेल्मेट डोक्यात घाला. पट्ट्याचा टक असा आवाज येईपर्यंत गाडीला किल्ली लावू नका. कुणी हसलं तर हसू द्या, प्लांतलाही हसले होते.